रविवारी उपवास नसतो



बाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडा खुलासा. आमच्या गावाला हिऱ्याचं नाव आहे, हिरा काही नाही. बीदर जिल्हा, बसवकल्याण तालुका, कलबुर्गी जिल्ह्याच्या शिवेजवळ. जोंधळा, तूर, हरभरा आणि करडईचा मुलूख. माझा जन्म १९५६ चा, म्हणजे बीदर म्हैसूर राज्यात गेलं त्या वर्षीचा. घरात मराठी, बाजारात कानडी, वडिलांच्या जुन्या कागदांत उर्दू. तीन भाषा असल्या तरी उपाशी राहण्याच्या बाबतीत सगळं गाव एका मताचं होतं. सोमवार महादेवाचा, गुरुवार गाणगापूरच्या दत्ताचा, शनिवार मारुतीचा, एकादश्या पंढरपूरच्या, नवरात्र तुळजापूरचं. शेजारच्या मोहल्ल्यात रमजानचे रोजे. आठवड्यातला एखादा दिवस असा नसायचा की गावातल्या कुठल्या तरी चुलीवर भगर नाही.

(जाता जाता एक गंमत. आपल्या उपवासाच्या ताटातले शेंगदाणे, बटाटा, रताळं, साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो कंद आणि हिरवी मिरची हे सगळं मूळचं दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं. कोलंबसानंतर जहाजांतून इकडं आलं, आणि आणणारे बहुतेक कॅथलिक होते. आपल्या एकादशीच्या फराळावर त्यांचे एवढे उपकार आहेत.)

आमच्या घरी थोरल्या आत्या होत्या. लहानपणी लग्न, लहानपणीच वैधव्य. त्या दिवसातून एकदाच जेवायच्या, ते आयुष्यभर. शिवाय आठवड्याचे तीन वार. त्यांच्या त्या जेवणाला घरात कुणी उपास म्हणत नसे. तो त्यांचा रिवाजच होता. त्यांच्या मनगटाची हाडं मला आजही डोळ्यांपुढं दिसतात. पण त्या काळी हाडं दिसणं हे पुण्याचं लक्षण मानायचे, दुखण्याचं नाही.

ख्रिस्ती म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक होतं ते बीदरच्या मेथडिस्ट मिशनमुळं. त्या लोकांत सक्तीचा उपवास दिसायचा नाही, त्यामुळं ख्रिस्ती माणसं उपवास करत नाहीत अशीच गावाची समजूत. कॅथलिक लोक आमच्या भागात फार थोडे. कलबुर्गीला स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला तोच मुळी २००५ साली. त्यामुळं कॅथलिकांचा उपवास मी पहिल्यांदा पाहिला तो गावापासून लांब, नगर जिल्ह्यात, १९७५ साली. आज लिहायचं आहे ते त्याबद्दल. त्या उपवासाचा इतिहास मी पुढं नोकरी करता करता थोडा थोडा वाचला, आणि तो आपल्या घरांनाही लागू आहे असं मला वाटतं.

माझे मामा तिकडं साखर कारखान्यात होते. त्यांच्या शब्दावर वडिलांनी मला एका मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकायला पाठवलं. नुकताच ७२ चा दुष्काळ होऊन गेला होता. सुकडीची चव तोंडात अजून होती, आणि खडी फोडायला गेलेल्या बाया वॉर्डात यायच्या त्या सगळ्या रक्त कमी झालेल्या. दवाखाना सिस्टर लोक चालवायच्या. वसतिगृहात माझ्या खोलीत एक मुलगी होती, त्याच जिल्ह्यातल्या खेड्यातली, तीन पिढ्यांची कॅथलिक, वय एकोणीस. हुशार, हसरी, अक्षर मोत्यासारखं. तिचं नाव लिहीत नाही. तिला हे लिखाण वाचून दाखवलंय, तिची हरकत नाही.

फेब्रुवारीत राखेचा बुधवार आला. सकाळच्या मिस्सेत कपाळावर राख लावतात आणि तिथून ईस्टरपर्यंत उपवासकाळ. हिशेब केला तर दिवस सेहेचाळीस भरतात, पण मधले सहा रविवार वजा करायचे, म्हणजे उरले चाळीस. येशूनं रानात चाळीस दिवस उपवास केला त्याची ही आठवण. रविवार वजा का? तर रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, आनंदाचा. त्या दिवशी उपवास नसतो. हा नियम फार जुना आहे. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानात गांग्रा नावाच्या गावी बिशपांची सभा भरली होती, तिनं तर वैराग्याच्या नावाखाली रविवारी मुद्दाम उपवास करणाऱ्याला बहिष्कृत ठरवलं. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीही अशी माणसं होती की ज्यांना ठरलेला उपवास पुरत नव्हता.

माझ्या मैत्रिणीला तो पुरत नव्हता. आमच्या मेसमध्ये सकाळी चहा-पाव, दुपारी भाकरी-वरण-भाजी, रात्री भात. तिनं आधी सकाळचं सोडलं. मग मांस-मासळी सोडली, ते सगळेच सोडायचे. मग भाकरीची अर्धी झाली, अर्धीची चतकोर. मी कोहिनूरची, मला त्यात काही नवल वाटलं नाही. उलट आदर वाटला. आमच्या आत्यांसारखीच आहे ही, असं मी घरी पत्रात लिहिलं होतं.

आता त्या वेळचा नियम काय होता ते सांगते, कारण सगळी मेख तिथं आहे.

जुना नियम कडक होता. १९१७ सालच्या चर्चच्या कायद्याप्रमाणं उपवासकाळातले रविवार सोडून बाकीचे सगळे दिवस उपवासाचे. उपवास म्हणजे दिवसात एकदा पोटभर जेवण, सकाळी आणि संध्याकाळी थोडंसं तोंडात टाकायला मुभा. पण हे कुणाला? एकवीस वर्षं पूर्ण झालेल्याला, ते एकोणसाठ पूर्ण होऊन साठावं लागेपर्यंत. मांस वर्ज्य करायचा नियम मात्र सात वर्षांच्या पोरापासून सगळ्यांना. शिवाय आजारी, गरोदर, अंगावर पाजणारी आणि अंगमेहनतीचं काम करणारा यांना सूट. म्हणजे खडी फोडणाऱ्या बाईला उपवास नव्हताच.

याखेरीज आणखी एक उपवास होता, तो आज आजी-आजोबांनाच आठवत असेल. कम्युनियन घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही चालत नसे. खेड्यातून चार-पाच मैल चालत मिस्सेला येणारी माणसं कोरड्या घशानं यायची, चर्चमध्ये भोवळ येऊन पडणं हे नित्याचं होतं. १९५३ साली पोप बारावे पायस यांनी पाण्याला परवानगी दिली. १९५७ साली मध्यरात्रीऐवजी तीन तास केले. आणि १९६४ च्या नोव्हेंबरात पोप सहावे पॉल यांनी ते एका तासावर आणलं. त्यानंतर आठवड्याभरात मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद सुरू झाली, आणि डिसेंबरात हेच पोप स्वतः मुंबईला आले. आमच्या दवाखान्यातल्या वयस्क सिस्टर त्या परिषदेला गेल्या होत्या. मुंबईच्या मैदानावर लाखो लोक उन्हात उभे होते आणि कुणी भुकेनं पडलं नाही याचंच त्यांना कौतुक.

त्याच पोपनी १९६६ च्या फेब्रुवारीत पुढचं पाऊल टाकलं. चाळीस दिवसांच्या सक्तीच्या उपवासातून सक्तीचे राहिले फक्त दोन दिवस, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. मांस वर्ज्य चौदाव्या वर्षानंतर. उपवास एकवीसनंतरच. पुढं १९८३ च्या नव्या कायद्यात ते एकवीसचं अठरा झालं, बाकी दोन दिवस तेच राहिले. बाकीचा काळ ज्यानं त्यानं आपल्या मनानं काय सोडायचं ते ठरवायचं. दान करा, प्रार्थना करा, आजाऱ्याची सेवा करा, तेही चालेल.

म्हणजे बघा. १९७५ साली एकोणीस वर्षांच्या माझ्या मैत्रिणीवर उपवासाची सक्ती एका दिवसाचीही नव्हती. शुक्रवारी आणि राखेच्या बुधवारी मांस खायचं नाही, एवढंच तिच्यावर बंधन. ती जे करत होती ते चर्चनं सांगितलेलं नव्हतं.

मला जे वाटतं ते इथं सांगून टाकते. नियम सैल केला ते योग्यच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण नियम नेहमी किमान किती ते सांगतो. कमाल किती, याच्यावर कुठंतरी माणूस लागतो, तोंडावर ‘पुरे’ म्हणणारा. जुन्या काळी ते काम पापनिवेदन ऐकणारा फादर किंवा मठातली मदर करायची. नियम हलका झाला तशी ‘ज्याचं त्यानं ठरवावं’ ही मोकळीक आली, आणि ज्याला खरोखर थांबवायला पाहिजे त्याला थांबवणारं कुणी उरलं नाही.

थांबवणं हे काही नव्या जमान्याचं खूळ नाही. संतांच्या चरित्रांतच ते भरलेलं आहे, फक्त प्रवचनात तो भाग कमी सांगतात. इग्नेशियस लोयोला यांचं उदाहरण घ्या. जेझुइट संघाचे हे संस्थापक. गोव्यात मराठी ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचे, आणि नगर जिल्ह्यात मिशन उभं करणारे फादरही याच संघाचे. १५२२ साली स्पेनमधल्या मान्रेसा गावी असताना इग्नेशियस यांचं मन फार अस्वस्थ होतं, पापाची भीती सुटत नव्हती. त्यांनी ठरवलं, देव शांती देईपर्यंत अन्नपाणी बंद. रविवार ते रविवार आठवडा तसाच काढला. दुसऱ्या रविवारी पापनिवेदनाला गेले तेव्हा हे सगळं सांगितलं, आणि कबुलीजबाब ऐकणाऱ्या धर्मगुरूनं हुकूम केला, उपवास सोड. अंगात अजून ताकद होती तरी त्यांनी सोडला. पुढं जन्मभर त्यांना पोटाचं दुखणं राहिलं. म्हातारपणी, १५४८ साली, फ्रान्सिस बोर्जा या सरदाराला त्यांनी पत्र लिहून उपवास कमी करायला सांगितलं, शरीर हे देवाचं आहे, पोट बिघडवून सेवा होत नाही, अशा अर्थाचं. स्वतः पोळलेला माणूस सांगत होता.

अविलाची तेरेजा तर माझी विशेष आवडती. सोळाव्या शतकातली स्पॅनिश मठवासिनी, कित्येक मठ चालवलेली बाई, त्यामुळं तिला सगळी सोंगं आणि सगळी दुखणी ओळखता यायची. तिनं लिहून ठेवलंय की काही भगिनी उपवास आणि जागरणानं इतक्या अशक्त होतात की त्या अशक्तपणात येणारी गुंगी त्यांना समाधी वाटते. यावर तिचा उपाय काय, तर त्यांना जेवू घाला, झोपू द्या, प्रार्थनेचे तास कमी करा, स्वयंपाकघरातलं किंवा असंच काही काम द्या. वॉर्डची इनचार्ज सिस्टर बोलल्यासारखं वाटतं ना?

आणि मग सिएनाची संत कॅथरीन, इटलीतली. जन्म १३४७, मृत्यू २९ एप्रिल १३८०, वय तेहेतीस. रंगाऱ्याची मुलगी. घरच्यांनी लग्नाचा घाट घातला तेव्हा तिनं केस कापून टाकले. किशोरवयापासून खाणं कमी करत नेलं, पुढं भाजीपाला आणि पाण्यावर आली, घशाखाली गेलेलं काडी घालून बाहेर काढायची. तिचं चरित्र तिच्याच आध्यात्मिक गुरूनं, कापुआच्या रेमंड यांनी लिहिलं, त्यात हे सगळं आहे. लोक कुजबुजायला लागले तेव्हा तिनं एका पत्रात लिहिलं की इतरांसारखं मला जेवता यावं अशी मी देवाकडं प्रार्थना करते. ते वाचून मला फार वाईट वाटलं. म्हणजे सुरुवातीला ती सोडत होती, शेवटी तिला धरता येत नव्हतं. आणि हीच कॅथरीन आपल्या ग्रंथात बजावते की शरीर मारण्यातच पूर्णत्व मानू नका, मारायचा तो अहंकार. दुसऱ्यांना सल्ला बरोबर देत होती. शेवटच्या वर्षी तिनं काही काळ पाणीही सोडलं.

१९८५ साली रुडॉल्फ बेल या अमेरिकन इतिहासकारानं ‘होली अ‍ॅनोरेक्सिया’ नावाचं पुस्तक लिहिलं. मध्ययुगापासूनच्या २६१ इटालियन धर्मनिष्ठ स्त्रियांची चरित्रं त्यानं तपासली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचं न खाणं आजच्या अ‍ॅनोरेक्सियाशी जुळतं असं मांडलं. दोनच वर्षांनी कॅरोलाइन बायनम या बाईंनी दुसरं पुस्तक लिहिलं आणि सांगितलं, इतकं सोपं नाही. त्या काळच्या बाईच्या हातात जमीन नव्हती, पैसा नव्हता, तिच्या ताब्यात होतं ते अन्न. रांधणं, वाढणं, वाटणं आणि स्वतः न खाणं. त्यातून ती देवाशी आणि घराशी बोलत होती. आजच्या रोगाचं नाव मागं नेऊन चिकटवू नये.

मला विचाराल तर दोघंही बरोबर आहेत. बायनमबाईंचं वाचताना मला थोरल्या आत्या दिसल्या. आणि बेल वाचताना वसतिगृहातली खोली. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरनं दिलं, त्याच १८७३ साली पॅरिसच्या लासेग यांनीही तसेच रुग्ण नोंदवले. आमच्या १९७५ च्या नर्सिंगच्या वर्गात मात्र तो शब्द आला असेल तर एका ओळीपुरता. हे गोऱ्या श्रीमंत मुलींचं दुखणं, आपल्याकडं भूक आहे पण हे नाही, असं सगळे धरून चालायचे.

तर आमच्या खोलीकडं परत येते. मैत्रीण स्वतः खात नव्हती पण मेसमध्ये वाढायला सर्वांत पुढं. माझ्या ताटात तूप जास्त घालायची. एका वहीत पदार्थांच्या कृती उतरवायची, पुरणपोळी, केक, मटणाचा रस्सा. ते बघून मला वाटायचं, हिला स्वयंपाकाची आवड आहे. फार वर्षांनी मी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोग वाचला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. धर्मश्रद्धेमुळं बंदूक धरायला नकार दिलेली ही स्वयंसेवक मुलं होती. वजन पावएक उतरलं. पण खरी गोष्ट वेगळीच. ती मुलं स्वयंपाकाची पुस्तकं गोळा करायला लागली, जेवण तासभर लांबवायला लागली, चिडायला लागली, एकलकोंडी झाली. त्यांना आधी काहीही मानसिक दुखणं नव्हतं. उपाशी राहिल्यानं मन असं होतं. वाचताना ती वही आठवली.

ईस्टरला दोन आठवडे असताना एका रविवारी मेसमध्ये गोडाचा शिरा होता. वयस्क सिस्टर, युरोपातून पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आलेल्या, मराठी अस्सल नगरी बोलायच्या, त्या पंगतीतून फिरत होत्या. मैत्रिणीची वाटी पालथी. सिस्टर म्हणाल्या, “का गं?” ही म्हणाली, “उपवास आहे सिस्टर.” त्या जागच्या जागी थांबल्या. “आज रविवार आहे. रविवारी उपवास नसतो. कुणाला विचारून धरलास?”

तिच्याकडं उत्तर नव्हतं.

त्याच दुपारी सिस्टरांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं. चौतीस किलो. नाडी मिनिटाला शेहेचाळीस. हातावर बारीक लव आलेली. पाळी विचारली तर दिवाळीपासून नाही. इथं माझ्या ध्यानात आलं की हे राखेच्या बुधवारी सुरू झालेलं नव्हतंच. दिवाळीत घरी तिच्या लग्नाची बोलणी झाली होती, तिथून ती कमी खायला लागली होती. उपवासकाळ आला तो तिला पांघरूण मिळाल्यासारखा. चाळीस दिवस कुणी ‘का खात नाहीस’ विचारणार नाही, उलट वाखाणतील. मी पण वाखाणलंच होतं.

तिला आमच्याच वॉर्डात दाखल केलं. आमच्या डॉक्टरांना एक गोष्ट माहीत होती ती फार चांगली झाली. फार दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम पोटभर घालायचं नसतं. एकदम घातलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम घसरतं, हृदय बंद पडू शकतं. म्हणून दर दोन तासांनी थोडं दूध, मग पेज, मग मऊ भात. मोजून. चार दिवसांनी सिस्टरांनी फादरना बोलावलं. पापनिवेदनात ते काय बोलले ते त्या दोघांनाच ठाऊक, पण तिनं मला प्रायश्चित्त काय मिळालं ते सांगितलं. सहा महिने उपवास नाही, शुक्रवारचा सुद्धा नाही. रोज एक पूर्ण भाकरी सिस्टरच्या समोर बसून खायची, आणि खाण्याआधी म्हणायचं, हे मी आज्ञा म्हणून खाते. ती म्हणाली, “मला वाटलं होतं ते माझी स्तुती करतील.” आणि रडली.

एवढ्यानं सगळं बरं झालं असं नाही. दीड वर्ष लागलं. मधे दोनदा घसरली. घरून लग्नाचा विषय सिस्टरांनीच थांबवून घेतला, वडिलांना बोलावून. मला वाटतं, औषध झालं ते या दोन्हींचं मिळून. नुसत्या भाकरीनं झालं नसतं आणि नुसत्या आज्ञेनंही नाही.

आपल्याकडं हे नाही असं समजू नका. आपल्या शास्त्रातही व्रत कशानं मोडत नाही याची यादी आहे. पाणी, कंदमुळं, फळं, दूध हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, कारण ते फराळाच्या कामाचं. त्याच यादीच्या शेवटी गुरूचा शब्द आणि औषध आहे, ते किती जणांनी ऐकलंय? म्हणजे ‘पुरे, आता खा’ म्हणणाऱ्याचा मान राखला तर व्रत मोडत नाही, असं आपलेही जुने लोक सांगून गेले. आमच्या शेजारच्या चाचीसुद्धा तापात रोजा धरायला निघालेल्या लेकीला म्हणायच्या, “बीमार को माफ है, बाद में रख ले.” आमच्या आत्यांना मात्र ‘पुरे’ म्हणायला कुणी नव्हतं. भाऊ होते, दीर होते, पुराणिकबुवा होते. सगळ्यांना त्या कमी खातात ते सोयीचं होतं, हे कटू वाटलं तरी लिहिते.

२०१६ साली आपल्या बीदरहून तीन-चार तासांवर, हैदराबाद-सिकंदराबादेत, एका जैन घरातली तेरा वर्षांची मुलगी ६८ दिवसांचा उपवास पुरा करून वारली. मिरवणूक, सत्कार, सगळं झालं होतं. पेपरात वाद पेटला, कुणी श्रद्धा म्हणालं, कुणी गुन्हा. त्या मुलीची नाडी कुणी पाहिली होती का, हा माझा एकच प्रश्न होता.

मी नोकरी संपवून गेली पंधरा वर्षं वसईत मुलाकडं राहते. इथं मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांची गावंच्या गावं आहेत. (आपल्याकडच्या बऱ्याच जणांना मराठी कॅथलिक धर्मगुरू माहीत झाले ते २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनामुळं, अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथलेच.) उपवासकाळात शेजारच्या वाडीत लग्नं होत नाहीत, मटणाच्या दुकानाला शुक्रवारी गर्दी नसते. शेजारची नात दहावीला आहे. तिनं यंदा आईला सांगितलं, मी चाळीस दिवस रात्रीचं जेवण सोडणार, देवासाठी. आणि मोबाईलवर तासांचा हिशेब ठेवणारं ॲप, सोळा तास उपाशी, आठ तास खायचं, तेही चालू. देव आणि ॲप दोन्ही एकाच ताटात. आई कौतुकानं मला सांगत होती.

मी तिला काही उपदेश केला नाही. चार गोष्टी विचारल्या. पाळी वेळेवर येते का? रविवारी ती जेवते का? उपवास सुटला की पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर बसून खाते का, की तेव्हाही काही तरी कारण असतं? आणि तिनं सोडलेल्या जेवणाचे पैसे दानाच्या पेटीत जातात का? हा शेवटचा प्रश्न मी सिस्टरांकडून शिकले. त्या म्हणायच्या, उपवासाचं जेवण वाचतं ते गरिबाच्या ताटात गेलं तर तो उपवास, नाहीतर नुसतं न खाणं. शेजारीण जरा गप्प झाली. मग म्हणाली, “पाळीचं विचारते काकू.” दुसऱ्या दिवशी तिनं लेकीला पंधरा वर्षांच्या मुलीला उपवासाची सक्तीच नाही हे चर्चच्या फादरांकडूनच ऐकवलं. आईचं ऐकलं नसतं, त्यांचं ऐकलं. सध्या ती रात्री जेवते आणि चाळीस दिवस मोबाईलवरचे व्हिडिओ सोडलेत. हे तिला जास्त जड जातंय, असं तिची आई सांगते.

माझी मैत्रीण आता सत्तरीची आहे. मेट्रन होऊन निवृत्त झाली, लग्न केलं ते तिशीत, स्वतःच्या पसंतीनं. साठी उलटली तेव्हा तिनं मला फोन करून सांगितलं, “आता मला कायद्यानंच सुटका.” शुभ शुक्रवारी ती पेज आणि लोणचं खाते, संध्याकाळी थोडा भात. रविवारी शिरा करते. तूप अजून हात सैल सोडूनच घालते, फक्त आता स्वतःच्या वाटीत पण.

कोहिनूरच्या कुणाच्या घरी जुन्या आत्या, काकू, मावश्यांच्या उपासाच्या आठवणी असतील तर लिहा. त्या काय खायच्या ते आपण नेहमी लिहितो. त्यांना कुणी कधी ‘पुरे’ म्हटलं होतं का, तेही आठवलं तर लिहा.